अश्वत्थाम्याचं तेल

दिवाळी जवळ आली की आमच्या ड्रेसिंग रूममध्ये एक प्रश्न हमखास येतो, "सिस्टर, अस्तंब्याला जाऊ का?"

नंदुरबारच्या बाहेरच्यांसाठी सांगते. धडगाव तालुक्यात सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे आणि धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून माणसं येतात, त्यात आदिवासी तरुण फार. बरेच जण अनवाणी चढतात. डोंगर अश्वत्थाम्याचा, म्हणजे इथल्या भाषेत अस्तंबा ऋषीचा. तो अजून तिथे फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल.

मधुमेही माणसाने हा डोंगर अनवाणी चढणं म्हणजे काय, हे मला रोज दिसतं. साखरेने पायाच्या नसा मेल्या की पाय दुखत नाही. लोकांना वाटतं, दुखत नाही म्हणजे बरं आहे. आम्ही दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून डोळे मिटलेल्या माणसाला विचारतो, कळलं का? ज्याला कळत नाही, तो चपलेतला खडा संध्याकाळपर्यंत घेऊन चालतो. मी आधी चपला तपासते, मग पाय. नवे डॉक्टर चपलांकडे बघतच नाहीत, याचा मला खरंच राग येतो. जखम कुठून आली, ते चप्पल सांगते.

आता ज्यांची गोष्ट सांगतेय ते बाबा शहाद्याकडचे शेतकरी, साठीच्या आसपासचे. उजव्या पायाच्या अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली जखम, भोवती जाड घट्टा. दार उघडून आत आले आणि त्यांच्या आधी वास आला. हिरवट पुवाचा गोडसर वास वेगळा असतो. हा कुजल्याचा होता. पट्टी सोडली तर आत तेल आणि हळद. तिळाचं तेल कोमट करून ते रोज जखमेत सोडत होते.

घट्टा तासायचं काम मी करते, आणि ते मला चांगलं येतं हे सांगायला संकोच वाटत नाही. पंधरा नंबरचं पातं आडवं धरायचं, पापुद्रा पापुद्रा काढायचा, जखमेची कड मोकळी करायची. वरून बोराएवढी दिसणारी जखम घट्टा काढल्यावर कितीतरी मोठी निघते. मग डॉक्टरांनी बोथट सळई आत घातली. हाडाला टेकली तर टक्कन लागते आणि तो क्षण ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांनाच कळतो. इथे टेकली नाही. रक्तपुरवठाही बरा होता. पाय वाचण्यासारखा होता, पण त्यावर वजन पडायला नको होतं.

"तेल कोणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अस्तंबा ऋषीलाही तेलच लागतं ना," बाबा म्हणाले. (त्यांचं बोलणं अहिराणी, मी इथे आपल्या मराठीत लिहितेय.) "दिवाळीला वर जाऊन त्याला तेल वाहणार, मग माझीही भरेल."

आमचे डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत, त्यांच्या हाताला गुण आहे. पण ते लगेच म्हणाले, "बाबा, असं कुणी नाही त्या डोंगरावर. ती दंतकथा आहे." बाबांनी पाय हळूच मागे ओढून घेतला. त्यानंतर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. गोळ्या किती घेता, रात्री ताप येतो का, काही नाही.

मला तिथेच जाणवलं की दोघंही गोष्टीला एकाच बाजूने धरून बसलेत. एक म्हणतो तो खरोखर वर आहे, म्हणून तेल घाला. दुसरा म्हणतो तो वर नाही, म्हणून गोष्ट टाकून द्या. गोष्ट काय सांगते, हे दोघांनीही ऐकलं नव्हतं.

ऐकलं होतं ते बाबांच्या बायकोने. त्या दाराशी पिशवी धरून उभ्या होत्या. मी नवी पट्टी बांधत असताना, कुणाकडे न बघता त्या म्हणाल्या, "तेलाने भरायची असती तर तो अजून मागत कशाला फिरला असता?"

बाबा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे खरं."

त्यानंतर ते बोलायला लागले. पावसाळ्यापासून ते घरात झोपत नव्हते, खळ्यातल्या झोपडीत झोपत होते. वासामुळे नातवंडं जवळ यायची नाहीत. जेवणाचं ताट बाहेर यायचं. "कोणी वाईट बोललं नाही," ते म्हणाले, "कोणी बोललंच नाही." मग अस्तंबा ऋषीबद्दल म्हणाले, "त्याला माहीत आहे कसं असतं ते."

त्या रात्री मी महाभारताचं मराठी भाषांतर काढून सौप्तिक पर्व वाचलं. रात्री झोपलेल्या छावणीत शिरून अश्वत्थाम्याने द्रौपदीची पाचही मुलं मारली, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, आणि मणी द्यावा लागला. हे आपल्याला ठाऊक असतं. मी थांबले ते कृष्णाच्या शापापाशी. तीन हजार वर्षं तू एकटा भटकशील, तुझ्या अंगाला पू आणि रक्ताचा वास येईल, आणि कुठेही, कुणाशीही तुझं बोलणं होणार नाही. इतकी वर्षं अशा जखमा धुतल्यात मी. ज्याने हा शाप लिहिला त्याने असा माणूस जवळून पाहिला असणार, असं मला वाटतं. वेदना हा शब्द त्यात मला ठळक दिसला नाही. वास आहे आणि अबोला आहे.

आणि तेल त्यात कुठेच नाही. तेल लोकांनी घातलं. सातपुड्यातल्या, नर्मदाकाठच्या माणसांनी त्या शापाशी काय केलं बघा. ज्याच्याशी कुणी बोलणार नाही असं ठरलं होतं, त्याला त्यांनी दारात आणून उभं केलं, मागायला लावलं आणि हातात तेलाची वाटी दिली. वर त्याला वाटाड्याचं काम दिलं. पाच झोपलेल्या पोरांचा खून त्यांनी माफ केलेला नाही. जखम आहे तशीच ठेवली. फक्त एकटेपण काढून घेतलं. एवढी मोठी दुरुस्ती कुणी एकाने बसून केली नसेल. ती पिढ्यान् पिढ्या तेल नेणाऱ्यांनी केली. डोंगरावर कुणी सापडतो की नाही, याने तिचं काहीच बिघडत नाही.

बाबांचा जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर आम्ही पायाला गुडघ्याखालपर्यंत कास्ट, म्हणजे प्लास्टरसारखं कवच, घातला, तळव्याला सगळीकडे सारखा टेकणारा, म्हणजे भार एका जागी पडत नाही. तो दर आठवड्याला काढून पुन्हा घालावा लागतो. साहित्य वेळेवर मिळावं म्हणून मला दरवेळी भांडावं लागतं. आमच्याकडे पाय कापायचा असेल तर कागद पटापट हलतात, एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपलेसाठी कुणाला घाई नसते. हे चीड आणणारं आहे आणि मी ते वरिष्ठांना लेखी कळवलंय.

दिवाळीला बाबा चढले नाहीत. पुतण्याच्या हाती तेल पाठवलं. स्वतः तळोद्याच्या रस्त्याला नातेवाइकांकडे बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देत होते, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. झोपायला ते घरात आले. वास गेला होता, हे त्याचं साधं कारण, आणि वास औषधाने आणि पात्याने गेला, यात मला शंका नाही.

पण ते पाय ओढून उठून गेले असते तर पातं कशाला लावलं असतं? डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलंय, 'समुपदेशनानंतर रुग्णाची उपचारास संमती.' मी त्यांना म्हटलं, समुपदेशन आपण केलं नाही, त्यांच्या बायकोने केलं, तेही त्याच गोष्टीतून जिला तुम्ही दंतकथा म्हणालात. ते म्हणाले, "सिस्टर, दंतकथाच आहे ती." मी म्हटलं, आहेच. आमचं यावर अजून चालू आहे. जखम आता निम्म्याहून लहान उरली आहे, पण बंद झालेली नाही, आणि पुढच्या कास्टचं साहित्य अजून आलेलं नाही.