घरगुती सम्पचं पार्टिशन कशाचं करावं? माझा अनुभव

तीन फुटी फिश टँकखाली सम्प, म्हणजे टँकचं पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी टाकी, बसवायचा होता. त्यासाठी २४ × १२ × १५ इंचांचा, ५ मि.मी. काचेचा जुना टँक घेतला. ठरवायचं होतं ते फक्त आत कप्पे पाडणाऱ्या तीन पार्टिशनचं. खेड्यात काच कापून आणायला तालुक्याला जावं लागतं, म्हणून घरातल्याच अ‍ॅक्रिलिक, फरशी, प्लायच्या तुकड्यांकडे आधी लक्ष जातं. पण टँक ज्याचा, पार्टिशन त्याचंच, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन चिकटल्यासारखं दिसतं, पण कोपरा नखाने उचलला की अख्खी पट्टी सोलून येते. शिवाय तापमानाने ते काचेच्या सात-आठ पट फुगतं-आकसतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेचं पाणी आणि मे महिन्यातल्या दुपारचं पाणी यांत २० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात २९ सें.मी. रुंदीची काच जेमतेम ०.०५ मि.मी. हलते, अ‍ॅक्रिलिक ०.४ मि.मी. सांधा तिथेच सुटायला लागतो.

पीव्हीसी फोम शीट पाण्यावर तरंगते आणि दाबाने वाकते. प्लाय तर फुगणारच. पत्र्याच्या गॅल्व्हनाइज्ड लेपातलं जस्त माशांना विषारी. कडप्पा किंवा शहाबादी फरशी टिकाऊ खरी, पण दोन्ही चुनखडीच्या. संडास धुवायच्या अ‍ॅसिडचा थेंब टाकला की फेस येतो, तोच पुरावा. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात आणखी चुना कशाला?

म्हणून काच. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे ५ मि.मी.चे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. टफन काच मात्र घेऊ नका, ती कापता येत नाही, चुरा होतो. आतली रुंदी २९५ मि.मी. होती, पार्टिशन २९१ चे कापून घेतले. दोन्ही बाजूंना २ मि.मी. फट हवीच, सिलिकॉन बसतं ते त्या फटीत. घट्ट कापलं तर काच काचेला टेकते आणि ठोक्याला तडकते. कडा दुकानातच घासून घ्याव्यात.

उंची ठरवली ती लाइन जाण्याचा हिशोब धरून. लाइन गेली की वरच्या टँकचं पाणी खाली येतं. ३ × १ फुटाच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे सुमारे ७ लिटर, दोन इंच उतरले तर १४. सम्पमध्ये एक इंचात साडेचार लिटरच्या आत मावतं, म्हणजे सव्वातीन इंच जागा मोकळी पाहिजे. म्हणून पहिलं पार्टिशन १० इंच आणि तिसरं ९. मधलं तळापासून एक इंच वर उचललेलं, वरचं टोक १२ इंचांवर. तिघांमध्ये एकेक इंच अंतर. पाणी पहिल्यावरून पडतं, मधल्याखालून जातं, तिसऱ्यावरून पंपाकडे येतं. बुडबुडे मागेच राहतात. पंपाचा कप्पा लहान करू नका. बाष्पीभवनाची सगळी घट त्याच कप्प्यात दिसते आणि उन्हाळ्यात पंप कोरडा पडतो.

सिलिकॉन आंबट वासाचं, अँटी-फंगल नसलेलं. तिन्ही पार्टिशनला दोन्ही बाजूंनी मिळून पावणेपाच मीटरच्या आत सांधा होतो, २८० मि.ली.ची एक ट्यूब भरपूर झाली. मुदत संपलेली ट्यूब घेऊ नका, ती चिकटच राहते. नव्याला जुन्या सिलिकॉनवर पकड नसते, म्हणून सांध्याच्या जागेवरचं जुनं ब्लेडने खरवडून स्पिरिटने पुसलं. मधल्या पार्टिशनखाली इंचभर जाडीचे लाकडी ठोकळे टेकू म्हणून दिले, सिलिकॉन पक्कं झाल्यावर काढून घेतले. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मध्ये पट्टी, ओल्या बोटाने एकाच फटक्यात सारवणं आणि टेप लगेच ओढणं. साय धरल्यावर टेप काढली तर कडा फाटते.

लवकर वाळेल म्हणून टँक उन्हात ठेवतात, ते चूक. सिलिकॉन पक्कं होतं ते हवेतल्या ओलाव्याने. मे महिन्यात आपली हवा कोरडीठाक, म्हणून उलट जास्त वेळ लागतो. कूलर चालू असलेली खोली बरी. आंबट वास पूर्ण जाईपर्यंत पाणी नाही.

चाचणी पंपाच्या कप्प्याला कोरडं ठेवून घ्यावी, कारण तिसऱ्या पार्टिशनवर सर्वांत जास्त जोर तेव्हाच येतो, साडेसात-आठ किलोचा. थोडं झिरपलं तर जमिनीवर काही येत नाही, पण पंपाकडची पातळी घटली की मीडियाचा (पाणी गाळायच्या साहित्याचा) कप्पाही रिकामा होत जातो.

सम्प प्लास्टिक टबचा असेल तर पार्टिशनच्या नादी लागू नका. त्या प्लास्टिकला सिलिकॉन धरत नाही आणि भरल्यावर टबचं पोट सुटतं. भोकं पाडलेले डबे आत ठेवून मीडिया त्यात भरावा.

वर जाणाऱ्या पाइपला वरच्या टँकमधल्या पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ४ मि.मी.चं भोक पाडलं आहे, लाइन गेली की हवा शिरून उलटा ओढा तुटतो. बोअरच्या क्षाराने ते बुजतं. महिन्यातून एकदा दाभणाने मोकळं करायचं.