कसालला निघालेला समुद्र

नकाशावर ठिपके उमटले आणि मला हसूच फुटलं. मालवणसमोरच्या समुद्रातून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी चार चक्क जमिनीवर निघाले. एक तर कसालजवळ, मुंबई-गोवा महामार्गालगत. तिथून माझं आजोळ फार लांब नाही. मे महिन्यात मामा विहिरीत डोकावून हताश होतो, आणि माझ्या एक्सेलमध्ये त्याच्या दाराशी अरबी समुद्र!

एमएस्सीच्या प्रकल्पाचं काम ऐकायला सोपं होतं. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं क्लोरोफिल निळा प्रकाश शोषतं, हिरवा फारसा शोषत नाही. या दोन रंगांच्या गुणोत्तरावरून उपग्रह क्लोरोफिलचा अंदाज बांधतो. आपण होडीतून जाऊन तेच पाणी बाटलीत भरायचं, प्रयोगशाळेत मोजायचं आणि दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे. माझे स्वतःचे नमुने मूठभर, म्हणून जुन्या मोहिमांच्या तीन-चार फायली त्यात मिसळायच्या होत्या. २००२ सालापासून फिरणाऱ्या ॲक्वा उपग्रहाची चित्रं घ्यायची ठरली, कारण जुन्या फायलींच्या काळात तो वर होता.

ॲक्वा तेव्हा आपल्याकडून जायचा दुपारी दीड-दोनच्या सुमारास. मासेमारीची होडी त्या वेळेला परतीच्या वाटेवर असते. तांडेलकाकांना भर उन्हात थांबायला लावणं हेच पहिलं दिव्य. डिझेलचे वेगळे पैसे कबूल केले तेव्हा ते तयार झाले, पण कॅन भरताना विचारलंच, "ताई, इतक्या पाण्याचा काय करतलास?" मी सांगितलं, यातलं पाणी फेकून देणार, गाळ ठेवणार. त्यांनी खलाशाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

पण करायचं तेच असतं. काळ्या कॅनमधलं पाणी बर्फाच्या पेटीत ठेवायचं (बर्फ मासळीचाच, वासासकट), किनाऱ्यावर आलं की मंद उजेडात हातपंपानं २५ मिलिमीटरच्या काचतंतूंच्या गाळणकागदातून ओढायचं. लिटरभर पाणी गेलं की पांढऱ्या चकतीवर फिकट हिरवट-तपकिरी डाग उरतो. ती दुमडून फॉइलमध्ये गुंडाळायची आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. पुढे ९० टक्के ॲसिटोनमध्ये रात्रभर अंधारात, थंडीत ठेवून फ्लोरोमीटरवर, म्हणजे क्लोरोफिलची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायची. जूनमध्ये ढग आले की उपग्रह आंधळा, आणि १ जूनपासून मासेमारी बंदी, त्यामुळे होडीही नाही. जे काय करायचं ते मेअखेरपर्यंत.

हे सगळं निभावलं. खरी कसोटी खुर्चीत बसून लागली.

कसालचं कोडं असं सुटलं. एका फायलीत जागा १६.१० उत्तर, ७३.४० पूर्व अशी दशांशात होती. माझ्या प्रोग्रामनं टिंबानंतरचे आकडे मिनिटं समजून वाचले, ७३ अंश ४० मिनिटं, आणि स्टेशन अठ्ठावीसेक किलोमीटर पूर्वेला उडालं. दुरुस्त केलं, झालं. मग रात्री झोपताना सुचलं, की उलटी चूक झाली असेल तर? ७३ अंश २५ मिनिटं हे ७३.२५ म्हणून वाचलं गेलं, तर स्टेशन अठराएक किलोमीटर पश्चिमेला सरकेल. तिथं पाणीच आहे. नकाशा मुकाट गप्प बसेल. सकाळी उठून बघितलं, तर दुसऱ्या फायलीत नेमकं तेच झालं होतं. टिंबानंतरचा आकडा कुठेच ५९ च्या वर जात नव्हता, म्हणजे ती मिनिटंच होती, त्यावरून पकडलं.

वेळेनं तर घामच काढला. उपग्रहाच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. ॲक्वा मालवणवरून जायचा तेव्हा त्या घड्याळात सकाळचे साधारण साडेआठ वाजलेले असायचे. नमुना उपग्रहाच्या वेळेच्या तीन तास मागेपुढे असेल तरच जोडी धरायची, हा आमचा नियम. एका फायलीत वेळेचा रकाना होता, पण कुठली वेळ ते लिहिलेलं नव्हतं. मी जागतिक धरली. त्यामुळे सकाळी साडेसातला घेतलेले नमुने खुशाल आत आले, दुपारी साडेबाराचे हाकलले गेले. आलेख भयंकर आला आणि मी आठवडाभर उपग्रहाला शिव्या घातल्या.

शेवटी मोहिमेची मूळ वही मिळवली. ओलीनं फुगलेली, शाई पसरलेली. चौथ्या स्टेशनच्या पुढे कुणीतरी लिहिलं होतं: "१३.१५ जेवण. बांगडा." जागतिक वेळेत सव्वाएक म्हणजे आपल्याकडचे पावणेसात. त्या वेळी जेवणारा खलाशी मी तरी पाहिलेला नाही. सगळ्या वेळांमधून साडेपाच तास वजा केले.

बाकी किरकोळ. एकच मोहीम दोन फायलींत दोन नावांनी होती. कुणीतरी मायक्रोग्रॅम प्रतिलिटरचं मिलिग्रॅम प्रति घनमीटर करताना हजारानं गुणलं होतं, खरं तर आकडा तोच राहतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या प्रकल्पासाठी जगभरच्या मोजमापांचं जे मोठं संकलन झालं, त्यात फ्लोरोमीटरचं क्लोरोफिल वेगळ्या रकान्यात आणि एचपीएलसीचं (रंगद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करून मोजण्याची दुसरी पद्धत) वेगळ्या रकान्यात ठेवलंय. मीही तसंच केलं, नाहीतर पुन्हा खिचडी.

ढग, पाण्यावरची उन्हाची चकाकी आणि नमुन्याच्या जागेभोवतीची नऊ पिक्सेलांची चौकट हे सगळं चाळून उरल्या एकोणीस जोड्या. सरांना सांगताना आवाज बारीक झाला होता. ते म्हणाले, "बऱ्याच आहेत की!" खोल पाण्यातल्या जोड्या ठीक जुळल्या. किनाऱ्याजवळ मात्र उपग्रह सर्रास जास्त क्लोरोफिल दाखवत होता. खाडीतून येणारी सडक्या पालापाचोळ्याची पिवळट द्रव्यंही निळा प्रकाश शोषतात, उपग्रहाला तो फरक कळत नाही.

एक ठिपका मात्र उलटा पडला. बाटलीत क्लोरोफिल भरपूर, उपग्रहाकडे जेमतेम. तो माझाच नमुना, मार्चमधला. त्या दिवशी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे तरंगत होते, ट्रायकोडेस्मियम नावाच्या नीलहरित शैवालाचे, आणि मी हौसेनं बाटली नेमकी पट्ट्यात बुडवली होती. पट्टा दोन हात रुंद, ॲक्वाचा पिक्सेल एक किलोमीटरचा. सर म्हणाले, वगळ. मी तो आलेखात पोकळ वर्तुळानं दाखवला आणि खाली कारण लिहिलं.