दोनशे बारचा घाम

पुतणीसाठी पहिली पीसीपी रायफल, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, पाहायला आज दारव्ह्याहून नागपूर गाठलं. जत्रेत फुगे फोडण्यापलीकडे आपलं ज्ञान शून्य. दुकानदारानं लांबलचक, भारदस्त रायफल दाखवली, मी खूश! पोरीनं खांद्याला लावली अन् दोन मिनिटांत तिचा डावा हात थरथरायला लागला. बाद.

स्प्रिंगवालीत छर्रा नळीतून सुटायच्या आधीच झटका बसतो. पीसीपीत हवा आधीच भरलेली, म्हणून झटका नावापुरता. पण ती हवा भरायची कोणी? हातपंप मारून पाहिला राजेहो! सायकलच्या चाकात हवेचा दाब तीन-चार बार, इथं २००. काटा १५० वर असतानाच मी अख्खा पंपावर लटकलेलो, अन् पंपाचं बूड चांगलंच तापलेलं. "काका, थांबा ना, त्याले थंडं होऊ द्या," पोट्टी म्हणे. मी म्हटलं, जरा तेल सोडू का? दुकानदार ओरडलाच. एवढ्या दाबात साधं तेल पेटू शकतं म्हणे!

शेवटी ४.५ मिमीची, रेग्युलेटरवाली (दर गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणारी), तिच्या खांद्याला बसणारी पसंत केली. दुर्बीण नाही घेतली. १० मीटरच्या स्पर्धेत चालतच नाही. पैसे कापूस विकल्यावर.

घरी आल्यापासून पोट्टी फडा खांद्याला लावून उभी आहे. आजी झाडायला फडा शोधून राहिली.