नागीण, कीपर आणि तो शुक्रवार

परवा मळ्यात रोलर फिरवत होतो. भात कापून झालेलं, सड काढून पाणी मारून जमीन बसवायला घेतलेली, आणि टुर्नामेंटचं टाइमटेबल बघत एक नवीन पोरगा म्हणाला, शुक्रवारी साडेबारा ते अडीच ब्रेक कशाला, दोन तासात तीन मॅच निघतील. आता शुक्रवारचा ब्रेक जुम्म्याच्या नमाजासाठी असतो हे गावात कोणाला सांगायला लागत नाही, आमच्या टीममध्ये चार जण मोहल्ल्यातले, समोरच्या टीमांमध्ये पण असतात. पण पूर्वी तो एकच तास होता, धावतपळत जायचे आणि पॅड बांधत यायचे. दोन तास कधी झाला ते मला एकदम आठवलं. मी त्याला काही सांगितलं नाही, म्हटलं घरी जाऊन लिहूया.

गोष्ट २०१९ ची. त्याच्या आधीचं एक सांगायला लागेल. आदल्या वर्षी, १८ मार्च २०१८ ला, कोलंबोत निदहास ट्रॉफीची भारत-बांगलादेश फायनल झाली होती, शेवटच्या बॉलला पाच हवे होते आणि दिनेश कार्तिकने सौम्य सरकारला कव्हरवरून सिक्स मारली. ८ बॉलमध्ये २९. बांगलादेशवाले त्या सिरीजमध्ये जिंकले की नागीण डान्स करायचे, मुश्फिकुर रहीमने केलेली नागीण तर सगळ्यांनी बघितली असेल, त्यामुळे त्या रात्री आमच्याकडे गावभर नागीण. आणि सगळ्यात भारी नागीण कोणाची, तर आमच्या कीपरची. दोन हात डोक्यावर फण्यासारखे धरून तो टपरीसमोर जमिनीवर लोळला होता, त्याचा शर्ट लाल मातीने असा झाला की त्याच्या आईने दोन दिवस बोलणं टाकलं. (कीपरला गावात नावाने कोणी हाक मारत नाही, तो रिक्षा चालवतो, रिक्षावर पण मागे "कीपर" लिहिलंय.) तेव्हापासून बांगलादेश म्हणजे आमच्यासाठी चेष्टेचा विषय. पाकिस्तानवर राग असतो, ऑस्ट्रेलियावर पण असतो, बांगलादेशला आम्ही नुसतं हसायचो.

तर १५ मार्च २०१९, शुक्रवार. फाकपंचमी होऊन गेलेली, चाकरमानी शिमग्याला यायला लागलेले, म्हणून टुर्नामेंट पण त्याच दिवसांत ठेवलेली. सकाळी साडेसातला टपरीवर चहा-बटर घेत होतो तेव्हा कळलं की न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये मशिदीत गोळीबार झालाय, बांगलादेशची टीम तिथेच होती. त्यांच्याकडे दुपारी पावणेदोनच्या आसपास सुरू झालं, म्हणजे आपल्याकडे सकाळचे सहा वाजून गेलेले.

आता खरं सांगतो, माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं. "म्हणजे उद्याची मॅच नाय होणार?" शनिवारी पहाटे साडेतीनला तिसरी टेस्ट सुरू होणार होती, हॅगली ओव्हलला, आणि मी ऍपवर एकोणपन्नास रुपये लावून टीम बनवून ठेवलेली, विल्यमसन कॅप्टन. एकोणपन्नास रुपये परत मिळतात का ते मी तिथेच उभं राहून फोनमध्ये शोधलं. कोणी मला काही बोललं नाही कारण अजून दोघं तेच शोधत होते.

मग हळूहळू एकेक कळत गेलं. अल नूर मशीद आणि लिनवूड इस्लामिक सेंटर, दोन ठिकाणी, एकच माणूस. मेलेल्यांचा आकडा दिवसभर वाढत होता, शेवटी ५१ झाला. आपल्याकडचे लोक पण त्यात होते. न्यूझीलंडच्या फुटसल (इनडोअर फुटबॉल) टीमचा गोलकीपर गेला. आणि बांगलादेशची जुम्म्याला निघालेली बस मशिदीपासून पन्नास यार्डांवर उभी होती. कॅप्टन महमुदुल्लाची प्रेस कॉन्फरन्स लांबली म्हणून निघायला उशीर झाला, आणि मग तमीम इक्बालने नंतर जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही, की ड्रेसिंग रूममध्ये तैजुल आणि मुश्फिकुर यांचं फुटबॉलवरून चाललेलं, तैजुलला हरायचं नव्हतं आणि बाकीचे बघत थांबले, त्यात अजून चार-पाच मिनिटं गेली. बस मशिदीजवळ पोचली तेव्हा एका बाईने त्यांना सांगितलं की आत जाऊ नका, गोळीबार चाललाय. काही वेळ बसमध्येच अडकले, मग उतरून हॅगली पार्कातून मैदानाकडे निघाले. मॅनेजर खालेद मशूद म्हणाले की तीन-चार मिनिटं आधी पोचलो असतो तर आतच असतो.

फुटबॉलची ती पाच मिनिटं. आमच्या मळ्यात पण मॅच संपली की कोण आधी बोल्ड होतो यावर शेवटची एक ओव्हर, शेवटची एक ओव्हर करत अंधार पाडतात, घरून फोन येत राहतात. हे वाचून मला पहिल्यांदा ती बस डोळ्यासमोर आली, तोपर्यंत सगळं फोनमधलंच होतं.

आणि अजून एक. मशूद म्हणाले की बसमध्ये सतरा जण होते आणि सौम्य सरकार पण त्यांच्यात होता. सौम्य सरकार, हिंदू मुलगा, आमच्या कार्तिकच्या सिक्सवाला, त्याच दौऱ्यात हॅमिल्टनला १४९ मारलेला. जुम्म्याला जाणाऱ्या बसमध्ये आपला एक जण बसलाय, यात त्यांना काही विशेष वाटलं नसणार. आमच्यात पण कोणी मशिदीपर्यंत सोडायला जातो, बाहेर गाडीवर बसून फोन बघतो, मग सगळे मिळून सोडा पितात. मी स्वतः कितीतरी वेळा बसलोय.

आता व्हिडिओचं. त्या माणसाने डोक्याला कॅमेरा लावून ते सगळं फेसबुकवर लाइव्ह दाखवलं होतं. पहिल्या चोवीस तासांत पंधरा लाख कॉपी काढून टाकल्या असं फेसबुकने सांगितलं, तरी साडेनऊच्या सुमारास एक कॉपी आमच्या टीमच्या ग्रुपवर आली. पाठवणाऱ्याने वर "बापरे" असं लिहिलेलं. मी उघडला. किती सेकंद बघितला माहीत नाही, दरवाजापर्यंत बघितला आणि बंद केला. नाही बघायला पाहिजे होता. एकाने त्याखाली हसण्याची इमोजी टाकली, कोण ते इथे लिहीत नाही, बाहेरगावचा होता, आता टीममध्ये नाही. ग्रुपचा ऍडमिन मी, आणि मी दीड तास काही केलं नाही, कशाला सणासुदीचं वाकडं घ्या म्हणून. शेवटी कीपरने लिहिलं, "डिलीट करा रे. माणसं नमाज पढतायत त्यात." एवढंच. मग मी त्या इमोजीवाल्याला काढलं आणि व्हिडिओ डिलीट करायला लावला. त्याला फोन करून काही बोलायला हवं होतं ते बोललो नाही.

नंतर मंगळवारी तिकडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न पार्लमेंटमध्ये म्हणाल्या की त्या माणसाचं नाव माझ्या तोंडून तुम्हाला कधीही ऐकू येणार नाही. मला तेव्हा ते भाषणातलं वाक्य वाटलं होतं. पण नंतर लक्षात आलं की आमच्यातल्या एकालाही त्याचं नाव आज सांगता येत नाही, आणि तैजुलला हरायचं नव्हतं हे सगळ्यांना माहितीये.

२००८ ला असं नव्हतं झालं. तेव्हा मी अकरावीत होतो. २६ नोव्हेंबरला सीएसटीवर जे झालं, ५८ माणसं गेली, त्यातले कितीतरी लांब पल्ल्याच्या गाडीची वाट बघत सामान घेऊन बसलेले. कोकणकन्या तिथूनच सुटायची रात्री उशिरा, त्यामुळे त्या रात्री आमच्या वाडीत एकही घर असं नव्हतं की जिथून मुंबईला फोन लागत नाही म्हणून रडारड नव्हती. इंग्लंडची टीम वनडे सिरीज अर्धवट टाकून घरी गेली तर आम्ही त्यांना भित्रे म्हणालो, शाळेच्या भिंतीवर कोणीतरी त्यांच्या कॅप्टन पीटरसनच्या नावाने काहीबाही लिहिलेलं. ते परत आले, चेन्नईला टेस्ट झाली, आणि १५ डिसेंबरला सचिनने नाबाद १०३ करून ३८७ चा पाठलाग पुरा केला, शेवटचा चौका आणि शंभर एकदमच, आणि ते शतक त्याने मुंबईच्या लोकांना दिलं. मी तालुक्याला एका टीव्हीच्या दुकानाबाहेर उभा होतो, मोठी माणसं रडत होती. अडीच महिन्यांनी, ३ मार्च २००९ ला, लाहोरला श्रीलंकेच्या बसवर गोळ्या झाडल्या, सहा पोलीस गेले, ड्रायव्हरने गोळ्यांतून बस स्टेडियममध्ये नेली. आम्ही काय म्हणालो? "बघा, आता कोण जाईल पाकिस्तानात." बसमधल्या श्रीलंकेवाल्यांची काळजी नंतर, आधी हे. त्या पोलिसांबद्दल तर कोणी शब्द काढला नाही. फॅन माणूस आधी कुठली बाजू आपली ते बघतो, मग रडायचं का नाही ते ठरवतो, निदान आम्ही तरी असेच.

क्राइस्टचर्चला सचिनसारखं काही घडलंच नाही, कारण मॅचच झाली नाही. दोन्ही बोर्डांनी टेस्ट रद्द केली, बांगलादेशवाले घरी गेले. मला विचाराल तर ते बरं झालं. २००८ चं शतक मला आजही प्रिय आहे, पण त्याच्या नादात आम्ही सीएसटी फार लवकर गुंडाळून ठेवलं असं आता वाटतं.

तिकडच्या रग्बीवाल्यांची तर वेगळीच पंचाईत. क्राइस्टचर्चच्या टीमचं नावच क्रुसेडर्स, म्हणजे पूर्वी मुसलमानांविरुद्ध लढलेले ख्रिस्ती योद्धे, आणि मॅचच्या आधी तलवारवाले घोडेस्वार मैदानात फिरायचे. मग नाव बदला, नको बदलू यावर फॅनमध्ये भांडणं, शेवटी नाव ठेवलं, लोगो बदलला, घोडेस्वार बंद केले. आमच्याकडे जर्सीचा भगवा थोडा फिका आला म्हणून दोन वाड्यांची तीन महिने बोलाचाली बंद होती, त्यामुळे मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही.

त्या शुक्रवारी आमच्या ग्राउंडवर काय झालं ते सांगतो आणि संपवतो. साडेबाराला ब्रेक झाला, कीपर आणि बाकीचे गेले. दीडला मॅच लागायची. कॉमेंट्री करणारे आमचे काका माइकवर बसले की यमक जुळवत सुटतात, "बॉल गेला माडात, शोधा आता झाडात" वगैरे, ते गप्प. एकाने सुचवलं दोन मिनिटं शांतता पाळू. काका माइकवर म्हणाले, "सगळ्यांनी उभे राहा," आणि पुढे कोणासाठी ते त्यांना सांगताच येईना, क्राइस्टचर्च शब्द त्यांच्या तोंडात बसेना. दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाले, "ते न्यूझीलंडला गेले ते." सगळे उभे राहिले. जनरेटर चालूच होता, बंद करायचं कोणाला सुचलं नाही, त्यामुळे शांतता अशी काही झालीच नाही, धडधड चालू आणि मंडपाचं कापड फडफडतंय.

दीड वाजला, पावणेदोन झाले. समोरची टीम पॅड बांधून तयार होती, त्यांच्या कॅप्टनने बॅट खाली ठेवली आणि म्हणाला येऊ दे सगळ्यांना, घाई नाय. कीपर सव्वादोनला आला. मी त्याला पाणी दिलं, काय बोलायचं कळेना म्हणून म्हटलं, उशीर झाला आज. तर म्हणाला, "नाय रे, आज सगळ्यांनी बाहेर उभं राहून एकमेकांच्या घरची विचारपूस केली, नाहीतर कोण करतो." मग ग्लोव्हज घालता घालता म्हणाला, "सजद्यात डोकं टेकलं ना, दरवाजा पाठीमागे असतो. एवढी वर्षं कधी आठवला नव्हता." आणि स्टंपमागे जाऊन बसला. पहिल्याच ओव्हरला सोपा कॅच सोडला, कोणी ओरडलं नाही. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा मात्र काकांनी माइकवर यमक जुळवलं आणि तो पण हसला.

पुढच्या वर्षीपासून टाइमटेबल मी लिहितो. ब्रेक साडेबारा ते अडीच.

हां, आणि नागीण. माझी अशी समजूत होती की ती आता बंद. त्याच वर्षी २ जुलैला एजबॅस्टनला वर्ल्ड कपची मॅच, रोहितचे १०४, बांगलादेशला ३१५ हवे. पावसाने वीज दोनदा गेली, सगळे एका घरात इन्व्हर्टरवर दाटीवाटीने बसलेले. सौम्य सरकार आउट होऊन चालत निघाला तेव्हा कोणी हसलं नाही, कीपर "बरा खेळत होता" एवढंच पुटपुटला. मग बुमराहने लागोपाठ दोन यॉर्करवर शेवटच्या दोन विकेट काढल्या, २८ रननी जिंकलो, आणि मी वळून बघतो तर कीपर भर पावसात अंगणात, दोन्ही हात डोक्यावर, फणा काढून.