तुम्ही विचारलंत म्हणून: रेसची गाडी ट्रेलरवर बांधायची कशी, ठेवायची कशी

पांढरकवड्याजवळ हायवेला लागून माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखरं, पेरणीयंत्रं यांची दुरुस्ती हा धंदा. शेडच्या मागच्या अंगाला ट्रेलरवर एक जुनी मारुती एस्टीम उभी असते. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, सीट एकच, दारांवर आकडे. ट्रॉली घेऊन येणारा प्रत्येक जण तिच्याकडे पाहून विचारतो, "काऊन बांधून ठेवली गा भाऊ? पळून जाते का?" नागपूर-पुण्याकडची, स्वतःची गाडी रॅलीला किंवा ऑटोक्रॉसला (मैदानात आखलेल्या वाटेवर घड्याळाशी शर्यत) नेणारी पोरं फोनवर तेच जरा वेगळ्या शब्दांत विचारतात: काका, गाडी ट्रेलरवर बांधायची कशी, आणि पावसाळाभर तशीच बांधून ठेवली तर चालते का?

गाडी पुतण्याची. चालवतो तो, नेतो-आणतो मी. म्हणून उत्तर माझ्याकडे.

पहिली गोष्ट ही की यात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. रस्त्यावर गाडी आणि ट्रेलर एकच वस्तू असल्यासारखे हलले पाहिजेत. घरी आल्यावर मात्र गाडीवर कसलाच ताण राहता कामा नये. जी आवळणी हजार किलोमीटर गाडी सुखरूप आणते, तीच चार महिने तशी राहिली तर स्प्रिंग, सांध्यांतले रबरी बुश आणि टायर यांची वाट लावते. लोक बांधायला शिकतात, सोडायला विसरतात.

चालवतच का नेत नाही, हेही विचारतात. त्याचं उत्तर पटाच्या शौकिनांना लगेच कळतं. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी कोणी तळेगाव दशासरपर्यंत चालवत नेत नाही, पिकअपमध्ये नेतो. धावायचा जोर वाटेत खर्च करायचा नसतो. रेसच्या गाडीचे टायर, क्लच, इंजिन यांचंही तसंच. शिवाय शर्यतीत काही मोडलं, तर ती परत येणार कशी? आपल्या देशात मोठे कायमचे ट्रॅक मोजकेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरला कारीचा, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. त्यातला चेन्नईचाही आमच्यापासून नऊशे-हजार किलोमीटर.

आता बांधणं. आमच्या भागात माल बांधणं म्हणजे कापसाच्या गाठींचा ट्रक. त्यात वाकबगार माणसं जिनिंगवर आजही आहेत आणि दोराची गाठ त्यांनीच मारावी. पण त्यातला एक आला आणि नायलॉनच्या दोरीने गाडी बांधू लागला, तर मी हात जोडतो. नायलॉन ताणलं जातं, ओलं झालं की आणखीच. ट्रकवर कापसाच्या गाठी दबतात, मग चालक उतरून पुन्हा आवळतो, निभतं. चार चाकांवर, स्प्रिंगवर उभ्या असलेल्या गाडीला ते चालत नाही. तिला पॉलिएस्टरचे रॅचेटवाले (दांडीने टप्प्याटप्प्याने आवळायचे, मागे न सरकणारे) पट्टे हवेत, निदान दोन इंच रुंद. पट्ट्यावर लेबल असतं. त्यावर तुटण्याचा आकडा मोठा असतो आणि वापरायचा आकडा त्याच्या बराच खाली. अमेरिकी पद्धतीच्या पट्ट्यांवर तो तुटण्याच्या एक तृतीयांश असतो. दुकानदार मोठा आकडा सांगतो. तुम्ही छोटा वाचा. लेबल फाटलेला पट्टा मी ट्रॉलीवर चारा बांधायला देतो, गाडीला वापरत नाही.

किती जोर लागतो याचा हिशेब सोपा आहे. माल बांधण्याचे युरोप-अमेरिकेतले नियम असं धरतात की कचकन ब्रेक मारला तर माल आपल्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे जाऊ पाहतो, आणि वळणावर किंवा मागच्या दिशेने ५० टक्के जोराने. आमची एस्टीम पिंजऱ्यासकट ९०० किलोच्या आसपास. म्हणजे पुढच्या दिशेने ७२० किलो. टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूने रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, की हे गणित पाटीवरून रस्त्यावर उतरतं. हँडब्रेक ओढलाय, गिअर टाकलाय, आता कुठे जाते, असं म्हणणाऱ्याने टायर आणि ट्रेलरचा पत्रा यांच्यामध्ये पावसाचं पाणी असताना काय होईल ते डोळ्यांसमोर आणावं.

चार कोपऱ्यांना चार पट्टे, प्रत्येक स्वतंत्र. पुढचे पुढे ओढणारे, मागचे मागे ओढणारे. पट्टा फार उभा लावला तर गाडी नुसती खाली दाबली जाते, पुढेमागे अडत नाही. फार आडवा लावला तर उलटं. साधारण ४५ अंश बरा. मागचे दोन मी एकमेकांना छेदून लावतो, डावीकडचा हूक उजव्या कडीत, म्हणजे गाडी आडवी सरकत नाही. पत्र्याच्या धारेवरून पट्टा जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालायचा. पट्ट्याला गाठ कधीही मारायची नाही, गाठीपाशी त्याची ताकद खूप घटते. लांब पट्टा वाऱ्याने फडफडतो, त्याला एखादा पीळ दिला की शांत होतो. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, नाहीतर ते चाकात जातं.

पट्टा गाडीला कुठे अडकवायचा, यावर पोट्टे तासभर वाद घालतात. एक पंथ चेसीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, दुसरा चाकाचा. मी चाकवाल्यांत आहे. चेसीला बांधलं की गाडी स्प्रिंगवर दाबून धरावी लागते. कमी दाबली तर खड्ड्यात ती आणखी खाली जाते, पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि वर येताना हिसका बसतो. हूक निसटतात ते अशाच वेळी. जास्त दाबली तर सगळा रस्ता स्प्रिंग आणि बुश पिळलेले. टायरवरून जाळीसारखा पट्टा टाकून चाकच ट्रेलरला जखडलं, तर वरची गाडी आपल्या सस्पेन्शनवर मोकळी झुलते. ते दिसायला भीतिदायक दिसतं. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवून हाताने खूण करतो, गाडी हलते म्हणून. हलू द्या. चाकं हलत नाहीत ना, तेवढं बघा. चाकाचे पट्टे नसतील आणि खालीच बांधायचं असेल, तर मजबूत टोइंगच्या कड्या शोधा. स्टिअरिंगचा रॉड, ब्रेकची नळी, अँटीरोल बार यांना हूक लावणारे पाहिले आहेत. त्यांना मी काही सांगत नाही, पुन्हा येतात तेव्हा वेल्डिंगचं बिल सांगतो.

याहून महत्त्वाचं, पण कोणी न विचारणारं, म्हणजे भार कुठे पडतो. ट्रॉली बनवणाऱ्याला हे आधी दिसतं. वजनाचा मोठा वाटा ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे हवा, साधारण ६० टक्के. ट्रेलर आणि गाडी मिळून जेवढं वजन, त्याच्या १० ते १५ टक्के ओढणाऱ्या गाडीच्या हूकवर पडलं पाहिजे. आमचं एकूण १६०० किलो धरलं, तर १६० ते २४० किलो. हे मोजायला शहरातलं यंत्र लागत नाही. कापसाच्या व्यापाऱ्याकडचा प्लॅटफॉर्म काटा घ्या, ट्रेलर समतल करा आणि दांडीचं टोक काट्यावर टेका. एकूण वजनासाठी जिनिंगचा धर्मकाटा आहे, सीझन संपला की तो रिकामाच असतो. एस्टीमचं इंजिन पुढे आणि चाकं चालतात तीही पुढची, म्हणून ती तोंड पुढे करून चढवायची. मग चार बोटं पुढे किंवा मागे सरकवली की काटा बोलतो. जागा ठरली की ट्रेलरवर रंगाने खूण करा.

हूकवर भार कमी पडला तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. समृद्धीवर किंवा हैदराबादच्या रस्त्यावर मोठा कंटेनर शेजारून गेला, की सुरुवात होते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने उलट ओढाताण करायची नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि हात सरळ ठेवायचे. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर तेवढाच हलका लावायचा. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो हे ज्याने सांगितलं, त्याच्या गाडीत बसू नका. मी ८० च्या वर जात नाही. पुतण्या चिडतो, पण त्याची घाई ट्रॅकवर.

निघाल्यावर पाटणबोरीला पहिला थांबा, चहाची इच्छा असो वा नसो. थोडं अंतर गेलं की टायर आणि सस्पेन्शन जागेवर बसतात आणि पट्टे हमखास ढिले होतात. तिथे पुन्हा आवळायचे, आणि हाताची मागची बाजू ट्रेलरच्या चाकाच्या हबजवळ न्यायची. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक पाहिल्याशिवाय पिंपळखुटीचा नाका ओलांडायचा नाही. ट्रेलरचं आरसी आणि विमा यांची फाइल वरच ठेवा. ट्रेलर हेही कायद्याने वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी असते.

आता घरी आलेली गाडी. ट्रेलरवरच ठेवली तर चालते का? डोक्यावर पक्कं छप्पर असेल तर चालते, आणि आमच्याकडे तर जमिनीपेक्षा बरी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी गाडी खालून ओल घेते. ट्रेलरवर ती हातभर वर राहते. पण तीच काळी माती ट्रेलरचा जॅक गिळते. मृगाचे दोन पाऊस झाले की जॅकचा पाय घोट्याएवढा आत गेलेला असतो आणि ट्रेलर तिरका. म्हणून खाली मुरूम दाबून घ्यायचा, जॅकखाली जाड फरशी, आणि ट्रेलरच्या चेसीखाली चारही बाजूंना टेकू. म्हणजे ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरचा भारही कमी होतो.

मग पट्टे पूर्ण सोडायचे. हँडब्रेकही सोडायचा, कारण पावसाळी हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. सुटलेल्या गाडीला रोखायला प्रत्येक चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि भीती वाटत असेल तर एक पट्टा नुसता टेकलेला, आवळलेला नाही. गाडीखाली स्टँड लावून चाकं अधांतरी ठेवली तर उत्तम. नाही जमलं तर टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा आणि महिन्यातून गाडी वीतभर सरकवा, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात. सोडलेले पट्टे धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि ऊन पॉलिएस्टर हळूहळू खातं. वरून ठीक दिसणारा पट्टा घडी घालून पाहा, धागे उसवले असतील तर त्याचा शेवट झाला.

प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका. आत वाफ धरते आणि पत्रा आतून गंजतो. जुनी सुती चादर घाला, ताडपत्री वर दोरीवर तंबूसारखी, खालून वारा खेळेल अशी. बॅटरी काढून फळीवर ठेवा, महिन्याने चार्ज करा. पेट्रोल टाकीत ठेवू नका. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. काढलेलं पेट्रोल मोटारसायकलला वापरून टाका. एक गोष्ट मी कडक सांगतो: जिथे कापूस भरलाय त्या छपराखाली पेट्रोलची गाडी नको. भाव वाढेल म्हणून लोक मार्चपर्यंत कापूस घरात ठेवतात. एक ठिणगी पुरते.

उंदीर हा विषय वेगळा लिहावा असा आहे. शेतात पाणी साचलं की ते घरांकडे येतात आणि वायरिंगइतकं त्यांना काही आवडत नाही. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीत बारीक जाळी बसवा आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधा, म्हणजे सुरू करण्याआधी जाळी काढायची आठवण राहील. सीटखाली धान्याचा दाणा नको. उंदरामागे साप येतो. ट्रेलरखाली हात घालण्याआधी काठी फिरवा, टॉर्च मारा. घोणस असेल तर शिट्टीसारखी फुसफुसते, पण दरवेळी ती सूचना देईलच असं नाही.

दसऱ्याला गाडी पुजायची म्हणून पुतण्या एक दिवस आधी येतो. तेव्हा ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस, सगळ्या टायरांची हवा, मागचे दिवे, हूकची पिन आणि सेफ्टी चेन हे आधी पाहायचं, गाडीचं इंजिन नंतर. तो नेमकं उलट करतो.

आणि फोनच्या शेवटी हमखास येणारा प्रश्न: काका, ट्रेलर दोन दिवस मिळेल का? ट्रेलर मिळेल, ओळख असली तर. पट्टे मिळणार नाहीत. ते स्वतःचे आणा, लेबलसकट. आणि परत आणताना ट्रेलर धुऊन आणा. मागच्या वेळी त्यावर कोणीतरी बकऱ्या नेल्या होत्या.