ऐकू न येणाऱ्या कामाचे गुण

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांकडून गटाने रेडिओ बातमीपत्र करून घेणे फारसे अवघड नाही. त्याला गुण देणे मात्र दरवर्षी माझी परीक्षा पाहते. पाच-सहा जणांचा गट, दहा मिनिटांचे बातमीपत्र, सुरुवातीला आणि शेवटी ठळक बातम्या, मध्ये दोन-तीन बाईट, म्हणजे लोकांच्या बोलण्याचे मुद्रित तुकडे, असा आमचा साधा आराखडा असतो. ध्वनिमुद्रण ऐकायला बसले की कानावर पडतो तो वृत्तनिवेदकाचा आवाज. बातम्यांचा क्रम कोणी लावला, कोणती बातमी कोणाच्या आग्रहामुळे वगळली गेली, आकडा खरा आहे का हे पाहण्यासाठी फोन कोणी केला, बाईटमधला रिक्षाचा हॉर्न कोणी कापला, यांतले काहीच त्या दहा मिनिटांत ऐकू येत नाही. त्यामुळे केवळ ऐकून गुण द्यायचे ठरवले, तर ज्याचा आवाज चांगला त्याच्या पदरात चार गुण जास्त पडतात आणि बाकीचे त्याच्या मागे झाकले जातात.

याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो मला अधिक खटकतो. आवाजाला वजन आहे हे कळले की गट आपोआप पुण्यात वाढलेल्या, ‘न’ आणि ‘ण’ काटेकोर उच्चारणाऱ्या मुलीला माईकसमोर बसवतो आणि बीड किंवा नंदुरबारहून आलेल्या मुलाला बाईट आणायला पिटाळतो. त्या मुलाला तीन सत्रांत एकदाही स्टुडिओचा लाल दिवा लागलेला दिसत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाने किमान एक बातमी स्वतः वाचायची, असा नियम आहे. वाचनाचे गुण थोडे आहेत आणि ते श्वास, विराम, आकड्यांचे अचूक वाचन यांसाठी आहेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गल्लत झाली तर गुण जातात. बोलीची लकब आली म्हणून जात नाहीत.

हे बातमीपत्र प्रसारित होत नाही, हेही इथे सांगायला हवे. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी 1995 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदवले. पुढे सरकारी धोरणाने 2002 मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या छोट्या केंद्रांचे, दार उघडले. बातम्या आणि चालू घडामोडी मात्र त्या धोरणाने सामुदायिक केंद्रांसाठी वर्ज्य ठरवल्या. परीक्षा, प्रवेश, हवामान, वाहतूक, तसेच स्थानिक प्रशासनाने दिलेली पाणी, वीज किंवा आपत्तीविषयीची माहिती असा मजकूर चालतो. म्हणजे ज्या विद्यापीठाकडे स्वतःचे एफएम केंद्र आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनाही पूर्ण बातमीपत्र वर्गापुरतेच करावे लागते. खरा श्रोता नसला की कामात एक प्रकारचा ढिलेपणा येतो, कारण चूक झाली तरी कोणाचा फोन येणार नसतो. यावर उपाय म्हणून ऐकण्याच्या तासाला आम्ही आकाशवाणीत हंगामी वृत्तनिवेदन केलेल्या एखाद्या व्यक्तीला बोलावतो. पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐकत मोठ्या झालेल्या पिढीचे कान निराळे असतात. आम्ही सोडून दिलेली अडखळ त्यांना बरोबर सापडते.

एकूण गुण 50. त्यांपैकी 20 तयार बातमीपत्राला असून ते गटातल्या सगळ्यांना सारखे मिळतात. 20 गुण प्रत्येकाच्या स्वतःच्या कामाला, तर 10 सहकाऱ्यांनी एकमेकांविषयी लिहिलेल्या नोंदींवरून. मधल्या वीस गुणांसाठी गटाने एक फाईल द्यायची असते: संहितेचे सगळे खर्डे, बदल कोणी केला त्याची आद्याक्षरे, बातम्यांच्या क्रमाचा कागद आणि ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांची यादी. गटाच्या व्हॉट्सॲपवरील संभाषण मी मागत नाही. त्यात भांडणे असतात, प्रेमप्रकरणे असतात, आणि ती वाचण्याचा मला काही अधिकार नाही.

या फाईलमध्ये काय सापडते, त्याचा एक नमुना देते. पुण्यात गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची महापालिकेची सूचना ही आमच्या बातमीपत्रांची ठरलेली पाहुणी आहे. पहिल्या खर्ड्यात ती बहुधा प्रसिद्धिपत्रकातून जशीच्या तशी उतरलेली असते: ‘देखभाल-दुरुस्तीच्या कामास्तव पर्वती जलकेंद्राच्या अखत्यारीतील भागाचा पाणीपुरवठा गुरुवारी संपूर्ण दिवस बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी उशिराने व कमी दाबाने पाणीपुरवठा करण्यात येणार आहे.’ एका गटाच्या दुसऱ्या खर्ड्यात हे वाक्य मोडून असे झाले होते: ‘येत्या गुरुवारी शहराच्या मध्यवर्ती भागात दिवसभर पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येईल.’ समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘कोणते भाग? पेठांची नावे विचारणे.’ तिसऱ्या खर्ड्यात पेठांची नावे आली होती. हे तीन कागद मला त्या मुलीविषयी जेवढे सांगतात, तेवढे तयार ध्वनिमुद्रणातली वीस सेकंदे सांगू शकत नाहीत. ऐकणाऱ्याला वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही हे तिला समजले होते, आणि अर्धवट माहिती दिली तर सगळ्याच पेठा बादल्या भरायला लागतील हेही. बातमीपत्रात तिचा आवाज फक्त हवामानाच्या बातमीला होता.

कागद बनवता येतात, हा आक्षेप रास्त आहे. खर्डे मागाहून रंगवता येतात आणि आता तर यंत्राकडून हवे तेवढे लिहूनही मिळतात. म्हणून ध्वनिमुद्रणाला वीस मिनिटे उरली असताना मी प्रत्येक गटाला एक नवी बातमी देते आणि स्टुडिओच्या काचेपलीकडे वही घेऊन बसते. नवी बातमी आत घ्यायची तर जुनी बाहेर जाते किंवा कापली जाते. मिनिटाला साधारण शंभर शब्द असा आमचा हिशेब असल्यामुळे कुठून तरी साठ-सत्तर शब्द काढावेच लागतात, ठळक बातम्या बदलाव्या लागतात आणि शेवटी पुन्हा वाचायच्या ठळक बातम्याही बदलाव्या लागतात. ही शेवटची गोष्ट निम्मे गट विसरतात. कोण निर्णय घेते, कोण त्याला नेमका प्रश्न विचारते, कोण मुकाट्याने घड्याळ लावून शब्द मोजायला बसते आणि कोण मोठ्या आवाजात सूचना देत प्रत्यक्षात काहीच करत नाही, हे त्या वीस मिनिटांत लख्ख दिसते. गटप्रमुख म्हणून निवडलेला आणि खरोखर गट चालवणारा ही क्वचितच एक व्यक्ती असते.

सहकाऱ्यांनी गुण देण्याची पद्धत मात्र आपल्याकडे आहे तशी चालत नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग करून 1913 मध्ये दाखवून दिले की माणसे वाढली की दरडोई जोर घटतो. कोणाचा जोर घटला हे गटातल्यांना पक्के ठाऊक असते, पण सांगणार कोण? एकाच खोलीत राहणारी, एकाच मेसमध्ये जेवणारी मुले एकमेकांना दहापैकी दहा देतात. ठरावीक बेरीज वाटून द्यायला सांगितली, तर ती सारखी वाटतात. मी आता आकडे मागतच नाही. प्रत्येकाने प्रत्येक सहकाऱ्याविषयी दोन वाक्ये लिहायची, आणि त्यांत त्याने केलेले एक ठोस काम असायला हवे. ‘खूप सहकार्य केले’ हे वाक्य बाद. वाईट लिहायचे म्हटले की हात आखडतात, पण खोटे काम रचून लिहायला मुले तयार होत नाहीत. ज्याने काही केले नाही त्याच्यापुढे ‘सगळ्या बैठकांना हजर होता’ एवढेच उरते, आणि चारही कागदांवर तेच आले की मला कळायचे ते कळते.

तरीही तेवढ्यावर मी गुण कापत नाही. अशा विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत बातमीपत्रातली कोणतीही एक बातमी निवडायला सांगून ती त्या जागी का आहे, एवढेच विचारते. एकदा अशाच एका मुलाने क्रमाचे सविस्तर आणि अचूक समर्थन केले. चौकशी केल्यावर समजले, की तो संध्याकाळी नोकरी करत असे आणि रात्री अकरानंतर एकटा बसून सगळी ध्वनिसंपादने करत असे. इतरांनी त्याला काम करताना पाहिलेच नव्हते. त्याचे गुण वाढले. याउलट उत्तर देता आले नाही, तर स्वतःच्या कामाचे वीस गुण निम्म्यावर येतात आणि गटाचे वीस तसेच राहतात. ते तसे ठेवावेत की नाहीत यावर आमच्या विभागात अजून एकमत नाही. माझे मत ठेवावेत असे आहे, कारण एकाच्या आळसासाठी गटाचे गुण मागेपुढे करू लागलो, तर पुढच्या सत्रात गट बातम्या सोडून एकमेकांवर पाळत ठेवायला लागतील.