जाताना दोन तास वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं

लंडनहून सकाळी दहाला निघालेलं विमान पॅरिसला बारा वीसला पोचतं आणि पॅरिसहून एकला निघालेलं लंडनला एक वीसला. तिकिटावरचे हे आकडे पाहून नवखा माणूस चक्रावतो. गोम साधी आहे. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या तासभर पुढे, आणि उन्हाळी वेळेचे काटे दोन्हीकडे एकाच क्षणी फिरतात, म्हणून हा फरक बारा महिने तसाच. प्रवास दोन्ही बाजूंनी एक तास वीस मिनिटांचा.

पण तेवढा वेळ तरी कशाला लागावा? लंडनचा हीथ्रो ते पॅरिसचा चार्ल्स द गॉल विमानतळ, नाकासमोर सरळ रेघ मारली तर जेमतेम 350 किलोमीटर. ताशी 800 च्या वेगाने अर्ध्या तासात संपायला हवं. पण एवढ्याशा पल्ल्यात विमान वर जाऊन स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायला लागतं. चहाची गाडी मागच्या रांगांपर्यंत पोचते न पोचते, की पट्टे बांधायची सूचना. हवेत जातात पाऊण तास ते पन्नास मिनिटं. बाकीचा वेळ जमिनीवरचा, कारण तिकिटावरचं घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच.

लंडनला उतरताना आणखी एक भानगड. गर्दी असली की हीथ्रोकडे येणारी विमानं बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी घारीसारखी घिरट्या घालत थांबतात, एकावर एक, हजार-हजार फुटांचं अंतर राखून. खालचं सुटलं की वरची एकेक पायरी खाली येतात. हे गृहीत धरूनच कंपन्या वेळापत्रकात थोडी मिनिटं पदरची घालतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर टेकतं.

टेकलं म्हणजे पोचलं, असं मात्र नाही. विमानाचा निदान एक दरवाजा उघडला की पोचलं, असा युरोपीय न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे. पॅरिसहून लंडनला येताना तीन तास उशीर झाला आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असेल, तर 250 युरो भरपाई मिळते. तेव्हा तीन तासांच्या काठावर असाल तर दरवाजा उघडताना घड्याळ पाहून ठेवा.

समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेला 490 किलोमीटर पडतात आणि सव्वादोन-अडीच तास लागतात. तरी लंडनचं सेंट पँक्रास स्थानक ते पॅरिसचं गार दू नोर स्थानक म्हणजे शहराच्या पोटातून शहराच्या पोटात. विमानतळ दोन्हीकडे वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर, वर दोन तास आधीची हजेरी. घर हीथ्रोजवळ असेल किंवा पॅरिसहून पुढचं विमान धरायचं असेल तरच विमान घ्यावं. रेल्वेलाही पासपोर्ट-तपासणी असते. तासभर आधी पोचलेलं बरं, प्रवेशद्वार गाडी सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं.